वाटणीच्या वर्षातली रेकॉर्ड

ज्या घरात दर रविवारी तीन मोठी माणसं एकच रेकॉर्ड ऐकायला जमतात, तिथे किस्से धुळीसारखे साचतात. रेकॉर्ड पुसली जाते, किस्से तसेच राहतात!

रेकॉर्ड बाबांच्या सरकारी ऑफिसातल्या रावकाकांची, प्लेअर आमचा. सत्तरच्या दशकातला कुठलासा इंग्लिश बँड, जड, संथ ब्लूज-रॉक. नावही कुणाला ठाऊक नाही. सुलतान बाजारच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे ती ढिगाच्या तळाशी होती. रावकाकांनी पैसे पुढे केले, तर तो म्हणाला, "साब, और एक बार सोच लो!"

*

पहिल्यांदा लावली तेव्हा आई मिक्सरवर चटणी वाटत होती. गिटार सुरू झाली आणि ती घाबरून बाहेर आली.

"अहो, बंद केला तरी आवाज येतोच आहे!"

*

रविवारच्या तिघांतले तिसरे हबीबचाचा, त्यांचं मलकपेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. या रेकॉर्डवरचा ड्रमवाला प्रत्येक ठोका किंचित उशिरा देतो, म्हणून तर गाणं असं डुलतं. चाचा डोळे मिटून ऐकतात.

"क्या मस्त लेट आरा! घड़ी होती तो अब तक खोल देता मैं!"

*

नारायणगुड्याच्या आमच्या शाळेत मॅडमनी प्रत्येकीला आवडतं गाणं म्हणायला लावलं. मी वर्गात फारशी बोलत नाही. मी शेवटच्या गाण्यातली गिटार गुणगुणले. गायक एक ओळ म्हणून थांबतो आणि गिटार त्याची समजूत काढते, तो तुकडा.

"छान. आता शब्द म्हण."

"इथे गायकाला बोलवतच नाही, मॅडम."

*

मग आमच्या राज्याची वाटणी झाली, एकाची दोन राज्यं. ऑफिसातल्या खुर्च्या, कपाटं, माणसं, सगळं वाटलं गेलं. रावकाका आंध्राच्या वाट्याला आले, बाबा इथेच राहिले. रेकॉर्ड कुणाकडे राहणार, यावरून दोघांची जुंपली, पण उलटी!

"मेरे पास प्लेअर नहीं. आप रखो," रावकाका म्हणाले.

"आपकी चीज है. आपइच ले जाओ," बाबा म्हणाले.

हबीबचाचांनी कपाळाला हात लावला. "पूरे स्टेट में येइच दो लोगां बोल रैं, हमको नक्को!"

*

रावकाकांच्या सामानाचा ट्रक निघाला, तेव्हा बाबा मदतीला गेले होते. रेकॉर्ड गेली.

पुढच्या रविवारी हबीबचाचा सवयीने आले आणि रिकामं टेबल बघून दारातच थबकले. "रेकॉर्ड गई, समझा. प्लेअर किधर गया?"

बाबांनी पेपरमधून वर न बघता मराठीतच सांगितलं, "लेक पहिल्यांदा सासरी निघाली, हबीबभाई. पाठराखीण नको?"