पुलाजवळ बंद होणारी गाडी

ईशान, रेवा,

परवा व्हिडिओ कॉलवर रेवाने विचारले, "आजी, खिडकीत ते पितळेचं काय ठेवलंय?" मी म्हणाले, कार्बोरेटरचा फ्लोट. तुम्ही दोघेही हसलात. आजी आणि कार्बोरेटर. मी विषय बदलला, कारण ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते. आता शेळगावची माझी मैत्रीण रशीदा गेली आहे. ही हकीकत पहिल्यापासून माहीत असलेली मी एकटीच उरले. म्हणून लिहून पाठवते.

मी सैन्यात नर्सिंग ऑफिसर होते हे तुम्हाला ठाऊक आहे. लेफ्टनंट असताना माझे पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात एका फील्ड हॉस्पिटलमध्ये झाले. तीस खाटा, एक ओ.टी., एक सर्जन. रक्ताच्या बाटल्या खालच्या बेसवरून येत. त्या मोटरसायकलवर आणणारा डिस्पॅच रायडर, म्हणजे डी.आर., होता दस्तगीर, हुद्द्याने नाईक.

पहिल्या आठवड्यात त्याने माझे बोलणे ऐकले आणि खोका खाली ठेवून उभा राहिला.

"मॅडम, तुमी बारामतीकडच्या का?"

"वडगाव निंबाळकर. तू?"

"शेळगाव. इंदापूर तालुका."

"मग कोणी नसताना ताई म्हण."

"अन् सर्जनसाहेब असताना?"

"मॅडम."

"व्हय मॅडम," तो म्हणाला. तिथे दुसरे कोणीच नव्हते.

त्याची एक सवय सगळ्या हॉस्पिटलला माहीत होती. रस्ता शेवटच्या वळणानंतर उताराने आमच्या फाटकापर्यंत येई. वळणाच्या आधीच तो पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालचा नळ, बंद करी. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन वळणापर्यंत चाले, दोनदा खोकल्यासारखे करी आणि बंद पडे. मग गाडी उतारावरून आवाज न करता घरंगळत येई. आम्ही वॉर्डात इंजिन थांबलेले ऐकले की ट्रे तयार ठेवत असू.

मी एकदा कारण विचारले. पेट्रोल वाचवतोस का?

"न्हाय ताई. सरकारी गाडी चांगली हाय. गळतीय ती घरची." त्याने लिलावात सैन्याची जुनी मोटरसायकल घेतली होती, अगदी याच मॉडेलची. "फ्लोटला भोक पडलं हुतं. मीच डाख दिला. जास्त बसला."

डाख म्हणजे सोल्डर. फ्लोट म्हणजे पितळेची पोकळ डबी. ती कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलवर तरंगते. वाटी भरली की ती वर येते आणि सुई दाबून पेट्रोल थांबवते. डबी जड झाली तर पुरेशी वर येत नाही, आणि पेट्रोल बाहेर सांडत राहते.

"मग जास्तीचा डाख काढून टाक."

"काढाया गेलं की भोक उघडं पडतंय. म्हणून गावाकडं कालव्याच्या पुलाजवळ कॉक बंद करतो. दारात जाईस्तोवर वाटी रिकामी. अंगणात थेंब पडत न्हाय." मग म्हणाला, "घरात कळतंय बी. इंजिन पुलापुढं बंद पडलं की ती चहा टाकती. आता हाताला सवयच लागलीय."

पुढे एके दिवशी सकाळचा राउंड नेहमीसारखा झाला. दुपारी रस्त्याच्या कामावरच्या तुकडीवर दरड कोसळली. तीन जखमी आले. त्यातल्या एका जवानाला ताबडतोब ऑपरेशन हवे होते आणि आमच्याकडचे त्याच्या गटाचे रक्त संपले होते. वायरलेसवर बेसशी बोलणे झाले.

"रस्ता बंद. ॲम्ब्युलन्स अडकली आहे. ओव्हर."

"रक्ताचं काय? ओव्हर."

"डी.आर. घेऊन निघाला. दगडांमधून काढतो म्हणाला. ओव्हर."

सर्जन हात धुऊन उभे होते. मी दारात ट्रे घेऊन थांबले. वरून इंजिनाचा आवाज आला. दोनदा खोकला आणि थांबला.

"आला," मी म्हणाले.

सर्जननी मान हलवली आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सुरुवात करायला सांगितले. आम्ही थांबलो. कोणालाच काही वावगे वाटले नाही, कारण इंजिन थांबणे म्हणजेच तो पोचणे, हे आम्हाला पाठ होते. गाडी आली नाही. मग फाटकावरचा पहारेकरी चढावर धावत गेला आणि त्याच्यामागे मी.

दस्तगीर वळणावर पडला होता. वरून सुटलेला दगड डोक्याला लागला होता. मोटरसायकल कठड्याला टेकली होती. कॉक बंद होता. बाटल्या गारठू नयेत म्हणून त्याने कोटाच्या आत लोकरी मफलरमध्ये बांधल्या होत्या. एक फुटली होती. तीन शाबूत होत्या आणि त्याच्या अंगाने कोमट होत्या. मागून आलेल्या मेडिकल ऑफिसरनी नाडी पाहिली, माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. मी तिन्ही बाटल्या घेऊन ओ.टी.त गेले. तो जवान वाचला.

ड्यूटी संपल्यावर मी दस्तगीरचा चेहरा स्वच्छ केला. मफलर घडी करून त्याच्या सामानात ठेवला.

पुढच्या रजेत मी शेळगावला गेले. दस्तगीरची बायको रशीदा माझ्याहून लहान होती. त्यांचा मुलगा सलीम पाळण्यात होता. दस्तगीरला त्रास झाला नाही, एवढे मी सांगितले. तिने काही विचारले नाही. मोटरसायकल गोठ्याशेजारी पोत्यांखाली उभी होती. पुढे दर ईदला मी शीरखुर्म्याला जात राहिले. त्या दिवसाविषयी आम्ही दोघी कधी बोललो नाही.

यंदा तिचे हृदय थकले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले. तिने सलीमला एकच गोष्ट मागितली. "त्यांची गाडी चालू कर. एकदा ऐकू दे."

सलीमचे इंदापुरात पाण्याच्या इंजिनांचे दुरुस्तीचे दुकान आहे. त्याने गाडी पूर्ण खोलून बांधली. इंजिन सुरू झाले, पण कार्बोरेटर गळू लागला. मला त्याचा फोन आला.

"मावशी, एक पेशंट हाय. समदे विलाज झाले, गळती थांबंना."

"मी रिटायर झाले रे."

"फी न्हाय देणार. भजी देतो."

मी बारामतीहून बसने गेले, कारण रशीदाकडे वेळ फार नव्हता. सलीमने नवी सुई, नवे गॅस्केट, पाइपच्या जोडाचे नवे वॉशर बसवले होते. मी म्हणाले, आधी सगळे पुसून कोरडे कर, मग कुठे ओले होते ते बघू. जखमेचेही असेच असते. त्याने बाहेरून टाल्कम पावडर भुरभुरवली. जोड कोरडे राहिले. ओल वाटीच्या वरच्या भोकातून येत होती. म्हणजे आत पेट्रोलची पातळीच जास्त होती. त्याने फ्लोट काढून कानाशी हलवला. आत पेट्रोल नव्हते. गरम पाण्यात बुडवला. बुडबुडे आले नाहीत.

"भोक न्हाय. मग बुडतोय कशानं?"

त्याने फ्लोट माझ्या हातात दिला. एका बाजूला डाखाचा मोठा, ओबडधोबड गोळा होता.

"हा तुझ्या अब्बाच्या हातचा," मी म्हणाले. "जास्त बसलाय. तो स्वतःच म्हणायचा."

सलीम बराच वेळ त्या गोळ्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याने नवा फ्लोट बसवला. गळती थांबली. जुना फडक्याने पुसून मला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रशीदाजवळ ओसरीवर बसले होते. सलीम गाडी घेऊन थेट दारात आला. इंजिन संथ, एकसारखे चालत होते. काम उत्तम झाले होते.

"कोण आलंय?" रशीदाने विचारले. तिला आता नीट दिसत नव्हते.

"अम्मा, अब्बांची गाडी."

तिने थोडा वेळ ऐकले. "न्हाय रं. ही दुसऱ्या कुणाची हाय."

सलीमचा चेहरा पडला. मी उठून त्याच्याजवळ गेले. म्हणाले, पुन्हा कालव्यापलीकडे जा. येताना पुलाजवळ कॉक बंद कर आणि मग काहीच करू नकोस. तो गाडी वळवून निघाला.

गाडी पुलावरून येताना ऐकू आली. दोनदा खोकली. बंद पडली. मग मुरमावर फक्त चाकांची करकर.

रशीदाने उठून बसायचा प्रयत्न केला आणि पदर डोक्यावर ओढला.

"आलं," ती म्हणाली. सुनेला म्हणाली, "चहा टाक."

चहा आला तेव्हा तिने माझा हात धरला. "ताई, तिकडं बी असंच बंद पडायचं?"

"असंच. रोज."

"अन् त्या दिशी?"

"त्या दिवशीही ऐकलं मी. शेवटच्या वळणावर बंद पडली."

ती म्हणाली, "समदे म्हणालं, रस्त्यात गेलं. म्हंजी पोचलं हुतं म्हणा की."

"पोचला होता," मी म्हणाले.

पंधरवड्यात ती गेली. मातीला मी हजर होते.

नाईक दस्तगीरच्या गावात आता त्याला पाहिलेले थोडेच लोक उरलेत. मोटरसायकल शेळगावात आहे आणि ती गळत नाही. सलीम अजूनही पुलाजवळ कॉक बंद करतो. फ्लोट माझ्या खिडकीत आहे.