बिचारा म्हणजे बोलणं

माझा थोरला भाऊ मलेशियात एका हॉटेलच्या भटारखान्यात काम करतो. सोबतीला इंडोनेशियाची पोरं आहेत. एकदा फोनवर तो आईला म्हणाला, "यांच्यात बोलण्याला बिचारा म्हणतात."

"मंग तू बिचाराच हायेस रे," आई म्हणाली. "सख्खा बाप बोलत नाय तुझ्याशी."

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. कोणी दूरदेशी निघालं की आधी गुरव देवाला कौल लावतो. ओल्या पाषाणावर दोन्ही बाजूंना फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. दादा कौल न लावताच गेला. त्याच्या जिवावर माझं महाडचं कॉलेज झालं, मी घरातला पहिला पदवीधर झालो. बाबांनी मात्र त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याचा फोन आला की ते उठून गोठ्यात जायचे.

मी कॉलेजातल्या संस्कृतच्या सरांना त्या शब्दाबद्दल विचारलं. त्यांनी आपुलकीने समजावलं: तो आपला संस्कृत 'विचार'च, फार पूर्वी समुद्रापार गेलेला. तिथे आधी त्याचा अर्थ खल, मसलत असा होता. खटल्याच्या सुनावणीला मलेशियात अजून त्याच्यावरूनच बनलेला शब्द आहे. पुढे इंडोनेशियात तो साधं रोजचं बोलणं झाला. आपल्याकडे 'विचारणे' प्रश्नाकडे वळलं. आपला 'बिचारा' मात्र फारसीतला, त्याचा याच्याशी संबंध नाही.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बोलावंसं वाटतं रे मला. पन देवाला विचारल्याबिगर नको."

श्रावणात गुरवाने कौल लावला. डावं फूल पडलं.

"पुनवेला परत विचारू," बाबा म्हणाले.

पुनवेच्या आधीच त्यांना अर्धांगाचा झटका आला. डोलीतून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून गाडीने महाडला. जीव वाचला, वाचा गेली.

दवाखान्यात मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या उशाशी धरला.

"बाबा, न विचारता इकडे आलो, चुकलं माझं," दादा म्हणाला. "घरी येऊ का?"

बाबांचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

"काय म्हणाले रे?"

"ऐकतायत," मी म्हटलं. "तू बोल."

मग दादा एकटाच बोलत राहिला, तिकडच्या पावसाबद्दल, भटारखान्यातल्या उकाड्याबद्दल, त्याची जेवणाची सुट्टी संपेपर्यंत.