कुंदावहिनींची कारली

मुरबाडला माजी सैनिकांचा सहकुटुंब मेळावा होता. धसईची प्रमिला नवऱ्याला वाढायला वळली, तोच साताऱ्याहून आलेल्या, त्याच्या पलटणीतल्या मित्राच्या बायकोने, कुंदाने डबा उघडून त्याच्या ताटात कारल्याची भाजी घातली.

"पद्माकरभाऊजी, जम्मूला आमच्या क्वार्टरवर दर रविवारी हीच मागायचात!"

पद्माकर मनमोकळा हसला. तेव्हा प्रमिला गावी सासूचं आजारपण काढत होती. क्वार्टर तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"घरी तर कारलं बघूनच ताट सरकवता," ती म्हणाली.

"वहिनींच्या हाताची गोष्टच वेगळी गो!"

प्रमिलाने त्याच्या ताटातली भाजी उचलून स्वतःच्या ताटात घेतली. "तुमाला पित्त होतं," म्हणत तिने ती सगळी खाऊन टाकली. भाजी खरंच चांगली झाली होती. तेच तिला सोसेना.