मोटारीच्या भोंग्यावर लावलेली घड्याळं

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी सासऱ्यांची सगळी घड्याळं दुरुस्त केली. त्यातलं एकही बिघडलेलं नव्हतं.

माझं माहेर सांगलीचं, सासर फलटणजवळच्या एका खेड्यातलं. मी सातवी पास. मास्तरांनी आम्हाला पुठ्ठ्याचं घड्याळ करून वेळ शिकवली होती, मधोमध बाभळीचा काटा खुपसून. तेवढ्या भांडवलावर मी सासरी आले ती अशा तोऱ्यात, की जणू सूर्य उगवायच्या आधी मला विचारून घेतो. त्या घरात घड्याळ वाचता येणारी मी एकटीच बाई, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची मी काळजी घेत असे.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, पलटणीतून पेन्शनीत आलेले. पहिल्या लढाईत ते बसऱ्याला होते. तिथून त्यांनी एक चांदीचं खिशातलं घड्याळ आणलं आणि त्याच्यापायी नाद लागला तो लागलाच. कुणी रजेवर आलेला शिपाई घड्याळ विकतोय म्हटलं, की हे कोस दोन कोस चालत जायचे. साखळीची, झाकणाची, एक तर खिशातल्या घड्याळाला कड्या जोडून मनगटी केलेलं. अशी सहा घड्याळं एका पत्र्याच्या डब्यात, सरकीच्या कापसात निजलेली असत. "घड्याळ म्हंजी जनावर हाय," मामंजी म्हणायचे. "रोज सकाळी वैरण घातली पायजे." धार काढून झाली की हात पुसून ते एकेकाला चावी देत. इतर कुणी हात लावायचा नाही.

एकदा त्यांना पेन्शनीच्या कामासाठी साताऱ्याला मुक्काम पडला. जाताना मनगटी घड्याळ स्वतःच्या हाताला बांधलं आणि डबा माझ्यापुढं ठेवला. "सूनबाई, उद्या सकाळी चावी तेवढी दे. तेवढीच."

ते "तेवढीच" माझ्या कानात शिरलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला आणि बघते तर पाच घड्याळांचं एकमेकांशी पटत नव्हतं. दुसऱ्या लढाईमुळं सरकारनं तेव्हा सगळ्या देशाची वेळ तासभर पुढं ढकलली होती. लोक तिला नवा टाइम म्हणत. एका घड्याळात नव्या टायमाचे साडेसहा, दुसऱ्यात जुन्याचे साडेपाच, दोन आपापल्या मनानं कुठंतरी मध्ये. आणि ते बसऱ्याचं? त्यात चक्क तीन! मी एकटीच खुदकन हसले. म्हटलं, म्हातारबुवांना घड्याळं गोळा करता येतात, लावता येत नाहीत. त्यांचा मान राखून गुपचूप दुरुस्त करून ठेवावीत, एवढा मोठेपणाही माझ्यापाशी होता.

सकाळची मोटार सातला सडकेनं जाई. भोंगा वाजला, आणि मी पाचही घड्याळांत सात वाजवले. पाच काटे सरळ उभे, पाच खाली. कवायतीला उभी केलेली पोरंच जणू.

शेण आवरून आत्याबाई, माझ्या सासूबाई, आत आल्या. रोज चावी देऊन झाली की त्या बसऱ्याचं घड्याळ मागून घेत, कानाला लावत, तळहातावर धरून बघत राहत. मला वाटायचं, टिकटिक आवडत असेल बिचारीला. वाचता थोडंच येतंय? त्या दिवशीही त्यांनी ते उचललं, आणि दचकल्या.

"आगं बया! आज येवढ्यात उठला व्हय त्यो?"

"कोण?"

"कोण म्हंजी? तुजा नवरा."

आमचे हे तेव्हा इराकात होते, मामंजी ज्या मुलखात राहून आले होते तिथंच. लग्नाची रजा संपवून जे गेले ते गेलेच. त्यांची चौकशी मी कुणाकडं करणार? सुनेनं वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याचं नाव काढायचं नाही, 'काही कळलं का' असंही विचारायचं नाही, असा काळ. आणि मामंजींनी मुलगा लढाईवर गेला त्या दिवसापासून ते घड्याळ तिकडच्या वेळेला लावून ठेवलं होतं. बायकोला काट्यांच्या जागा समजावल्या होत्या. बारका काटा तळाला आला की पोरगं उठलं. तिथून चढून निम्म्यावर आला की त्याची न्याहारी झाली. मग आत्याबाई स्वतःच्या भाकरीला हात लावत. त्या एवढ्या उशिरा का जेवतात, हे मला रोज दिसत होतं आणि एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. सातवी पास ना मी!

"द्या इकडं, जरा बघते," असं म्हणून मी घड्याळ घेतलं. तीन आणि साडेसहा, म्हणजे साडेतीन तासांचा फरक. हिशेब बरोबर केला, पण घाबरून वजा करायच्या जागी मिळवले. आत्याबाईंनी परत बघितलं.

"आन् जेवाय बी बसला?"

तिथं मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. घड्याळ पदरात धरून त्या खाली बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मग आता माजा ल्योक हाय कुठं गं?"

मी डोळे पुसून काटे मागं फिरवले. एव्हाना इथं आठ झाले होते, म्हणजे तिकडं साडेचार. "आत्याबाई, हे बरोबर आहे. निजलेत अजून."

"मगाशी उठला, मग जेवला, आता पुन्ना निजला," त्या म्हणाल्या. "तुज्या हातात त्याचं लय हाल हायती, पोरी."

त्या दिवशी त्यांनी भाकरी झाकून ठेवली. मी दोनदा ताट वाढलं. "ह्यास्नी येऊ दे," म्हणून त्यांनी दोन्ही वेळा ते सरकवलं. मग मीही उपाशी. त्यात त्याग वगैरे काही नव्हता, सासूसमोर खायची हिंमत नव्हती.

आज माझ्या कपाटात बरीच जुनी घड्याळं आहेत. नाद उतरला तो असा वारशानं. नातवंडं म्हणतात, आजीच्या घरात कधीच नक्की किती वाजले ते कळत नाही. त्यांना मी कपाटाला हात लावू देत नाही. कारण मला माहीत आहे, हुशार माणूस घड्याळाला केवढा धोकादायक असतो.

तर त्या दिवशी दिवेलागणीला मामंजी आले. पाय धुवायच्या आतच आत्याबाईंनी घड्याळ पुढं केलं. "आवं, बघा बरं, ठीक हाय का त्यो?"

मी दाराआड उभी. मामंजींनी मनगटाकडं बघितलं, बसऱ्याकडं बघितलं, बोटांवर हिशेब केला. मग माझ्याकडून सगळी हकीगत काढून घेतली.

"मोटारीवर लावलीस? ती मोटार कवा येळेवर आलीया का?" ते म्हणाले. मग आत्याबाईंकडं वळले. "ठीक हाय त्यो. धा मिंटांचा फरक हाय निस्ता. जेव जा."

आत्याबाई उठल्या, सकाळची भाकरी काढली आणि पहिला घास घेण्याआधी मला हाक मारून ताटावर बसवलं.

मामंजींनी बसऱ्याचे काटे दहा मिनिटं पुढं सरकवले, घड्याळ धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. म्हणाले,

"उद्यापासनं ह्येला चावी तू द्यायची. पर पोराला येळेवर उठवत जा, आज धा मिंटं जादा झोपू दिलंस. पलटण हाय ती, सासुरवाडी न्हवं."