दृष्ट काढली आणि गुपित फुटलं

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथं लिहितेय.

माझी सहा वर्षांची परी, धाकटा भाऊ झाल्यापासून, रात्री अंथरुणात शू करते. "आई, कुणाला सांगू नको हं," असं तिनं माझ्या कानात सांगितलं होतं. लेकरू घाबरलंय, हे कळतं मला. मी ओरडत नाही, गुपचूप चादर बदलते.

बोलले ते फक्त नणंदेजवळ. तेही शपथ घालून.

आज ताई औंढ्याहून आमच्याकडे वडगावला आल्या, त्या मीठ-मोहऱ्या घेऊनच. परीला दारात उभं केलं, मूठ तिच्यावरून उतरवली आणि खड्या आवाजात म्हणाल्या, "आल्यागेल्याची, पाव्हण्यारावळ्याची, ज्याची नजर लागून पोर रातचं हातरून भिजवती, ती जळून जाऊ दे!"

समोरच्या ओट्यावर पोरं खेळत होती. सगळी फिदीफिदी हसली.

मी भडकलेच. "ताई, शपथ घातली होती ना तुम्हाला?"

"अगं, मी कुटं कुणाला बोलले? दृष्ट काढली फकस्त! दुखण्याचं नाव घेतल्याबिगर जाती व्हय ती?"

विश्वासानं सांगावं आणि माणसानं ते चव्हाट्यावर मांडावं! अजून राग जात नाही.

पण परी ताईंकडं बघत नव्हती. पोरांकडंही नाही. ती माझ्याकडं बघत होती.

संध्याकाळी तिला जवळ घेऊन विचारलं, "काय झालं गं बाळा?"

"काही नाही."

रोज माझ्या कानाशी येऊन सगळं सांगणारी पोर असं म्हणाली, तर तुम्ही पुढं काय विचाराल?