चाकणच्या माळावरचा शनी

दिवाळी सरली, आकाश निवळलं आणि मी व माझा नवरा संजय, आमची छोटी दुर्बीण स्कूटरवर घेऊन निगडीहून निघालो. आमच्या गच्चीवरून रस्त्याच्या दिव्यांपायी चंद्राखेरीज काही धड दिसत नाही, आणि मला तर शनीचं कडं बघायचं होतं. दोन महिने घरात "तुझी ती नळी" ऐकून माझे कान किटले होते.

तळवड्यापासून चाकणपर्यंत कंटेनरमागे धूर खात गेलो. नुकतीच शिफ्ट सुटली होती, वाट मिळेना. मध्येच एका टपरीवर मटकीचा गरम रस्सा घातलेली ओली भेळ खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, पण जीव सुखावला.

चाकणच्या पुढे एका टेपाडावर (लहान टेकडीवर) दुर्बिणीचा स्टँड उभा केला. ऊन कलत होतं. तेवढ्यात खालच्या कांद्याच्या वावरातून (शेतातून) एक म्हातारे बाबा धावतच वर आले.

"कुनी धाडलंय मोजणीला? उचला आधी ते!"

या भागात तीन पायांवर यंत्र उभं राहिलं की मागून रस्ता येतो, नाहीतर कंपनी. निम्मी जमीन अशीच गेली, असं बाबांनी धापा टाकत सांगितलं. उरलेली दोन एकर समोर दिसत होती.

"बाबा, आम्ही शनी बघायला आलोय."

"मला येडं समजता व्हय? दावा मग!"

ते दगडावर ठाण मांडून बसले. अंधारलं, शनी उगाच वर चमकत राहिला, पण नळीत काही केल्या सापडेना. मला घाम फुटला. एरवी चेष्टा करणारा संजयही माझ्यासोबत नळी सरकवून शोधू लागला. अखेर शनी सापडला: मोत्यातून सुई आरपार काढावी तसा. मी आनंदाने ओरडलेच.

बाबांनी आधी चपला काढल्या. शनिदेव ना! मग हात जोडूनच डोळा लावला.

"व्हय की! हाय!"

फोन करून त्यांनी सुनेला बोलावलं. तीही अनवाणी उभी राहून बघत राहिली. फोटो पाठवा म्हणून तिने मला नंबर दिला, वर कांद्याची जुडी.

निघताना बाबा म्हणाले, "हितं पुन्हा तीन पायाचं दिसलं, तर तुमीच आसाल न्हवं?"

"हो, आम्हीच," मी बोलून गेले.

परतीचा रस्ता आनंदात सरला. निगडी जवळ आल्यावर संजय म्हणाला, "हो म्हणालीस खरी. पण आता खरी मोजणी आली, तरी आपणच आलोय असं समजून बाबा धावत यायचे नाहीत."

मी स्कूटर थांबवायला लावून तिथूनच बाबांच्या सुनेला फोन लावला. "आम्ही येण्याआधी दर वेळी फोन करू. फोन न येता कुणी दिसलं, तर बाबांना म्हणावं, आजच्यासारखं धावत जा."