कापलेलं कडवं

"गळा तुझा, अक्कल आमची. एवढं लक्षात ठेव."

वकीलसाहेबांनी माझ्या कागदावर लाल पेन्सिलीने आडवी रेघ ओढली. कागद माझ्या हातात दिला नाही. टेबलाच्या कडेवरून खाली टाकला. मी उचलायला वाकले तेव्हा आतल्या दारातून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "कुणब्याच्या पोरीला कविता होतात! इंग्रजी शाळेचं पाणी लागलं, दुसरं काय." खुर्च्यांवरची चार माणसं हसली. मी उभीच होते. बस, असं कुणी म्हटलं नव्हतं.

नातवंडांनो, मी तेव्हा सतरा वर्षांची होते. आमचं घर हैदराबाद शहरात, गौलीगुड्यात. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होत होते: तेलुगू मुलूख एकीकडे, मराठी दुसरीकडे, कन्नड तिसरीकडे. सरकारी नोकरांच्या याद्या बनत होत्या. कोण शहरात राहणार, कोण बाहेर जाणार. माझे बाबा कचेरीत कारकून. आमच्या घराण्यात शेत सोडून खुर्चीवर बसलेले पहिले. त्यांना इथेच राहायचं होतं, कारण आम्हा मुलांच्या शाळा इथे होत्या.

वकीलसाहेब शहरातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मंडळाच्या संमेलनाला या याद्या करणारे मोठे साहेब पाहुणे म्हणून येणार होते. स्वागतगीत मी लिहून मीच म्हणायचं. साहेब खूश झाले की वकीलसाहेब बाबांसाठी शब्द टाकणार होते.

मंडळात कुठलंही गाणं आधी वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात तपासून घ्यायची रीत होती. याच माणसाने पूर्वी संस्थानच्या गादीवरच्या हुजुरांच्या स्तुतीतल्या मात्रा मोजल्या होत्या. हुजूर गेले, साहेब आले. यांची मान वाकलेलीच. इतकी वर्षं वाकून तिला तोच आकार आला होता.

कापलेलं कडवं असं होतं:

तुम्ही ओढली रेघ, साहेब, आम्ही बांधली वळकटी,
एकदा आम्हांला बोलू द्या, मग बोला तुम्ही शेवटी.

एवढंच. याला ते राजकारण म्हणाले. पहिल्या कडव्यात साहेबांना भाग्यविधाता म्हणायला लावलं, ते राजकारण नव्हतं.

संमेलन अफझलगंजच्या एका सभागृहात झालं. मी पहिली दोन कडवी म्हटली. साहेब मान डोलावत होते. तिसऱ्या रांगेत बाबा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. इथे थांबायचं ठरलं होतं. पण पहिल्या रांगेत तीच चार माणसं होती, तोंडावर तेच हसू. मी कापलेलं तिसरं कडवं उचललं.

वकीलसाहेब विंगेतून पेटीमास्तरांना हाताने खुणा करू लागले. वाढवा, वाढवा. पेटी वाढली, तबला वाढला. माझे ओठ हलत होते, शब्द मलाच ऐकू येत नव्हते. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, गाणं रंगलं.

मी गाणं थांबवलं. पाढे म्हणावेत तशी बोलू लागले. सरळ, सावकाश, सुराविना.

पेटीमास्तर गोंधळले. "बेटा, सूर तो देओ!"

मी दिला नाही.

"सूरइच नै तो पेटी कायकू?" म्हणत त्यांनी भाता मिटला. तबलाही थांबला. त्या शांततेत मी दोन्ही ओळी पुन्हा बोलले. मागून एका बाईचा आवाज आला, "खरं बोलली गं पोर!"

वकीलसाहेब धावत पुढे आले. साहेबांना हात जोडून म्हणाले, "लहान आहे, पाठांतर चुकलं."

मी म्हटलं, "चुकलं नाही. माझंच आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसाने घरी माफीनामा आणून दिला. सुबक अक्षरातलं इंग्रजी. मला कुणीतरी फूस लावली आणि मला पश्चात्ताप झाला आहे, असं त्यात लिहिलेलं. पश्चात्तापसुद्धा त्यांनीच करून पाठवला होता.

बाबांनी कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. "सही कर, बाई. चारच तर ओळी आहेत. यादी अजून पक्की नाही."

"त्या ओळी माझ्या नाहीत, बाबा."

ते रागावले नाहीत. पेनाला टोपण लावलं आणि उठले.

बदलीचा हुकूम आला. बाबा एकटेच नांदेडला गेले. आम्ही शाळांसाठी मागे राहिलो. वकीलसाहेबांचा जावईही सरकारी नोकर; त्याचं नाव मात्र बाहेर जाणाऱ्यांच्या यादीतून वगळलं गेलं. त्याच्यासाठी कुणी गाणं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. बाबांची पत्रं आईला येत. वर्षभर त्यांत माझ्यासाठी एक ओळ नव्हती. पुढे त्यांना माझा अभिमान वाटला, असं मी लिहिणार नाही. वाटला नाही. ते त्या परगावच्या खोलीत स्वतःच्या हाताने भाकऱ्या थापत राहिले, आणि त्याचं कारण मी होते. हे मला माहीत आहे. तरीही ती सही मी आजही करणार नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्यातल्या थोरलीने मला फोनवर तिचं गाणं पाठवलं. बोलल्याबद्दल कॉलेजातून काढलेल्या मुलांवर ते लिहिलं आहे, आणि ती ते धरणे आंदोलनात म्हणणार आहे. खाली तिने विचारलं आहे, "आजी, एखादी ओळ जास्त झाली असेल तर सांग. काढून टाकते."

बाळ, मी सगळं वाचलं. दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं आहे. तेसुद्धा मी सुधारणार नाही. काय होऊ शकतं ते तुला आता माहीत आहे. चालेल का, हे कुणाला विचारू नकोस. मला तर नाहीच. पुन्हा विचारलंस तर मी उत्तर देणार नाही.